नेट नसताना प्रोग्रॅमिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला गावी जाताना, परीक्षेच्या लॅबमध्ये नेट बंद असताना, किंवा रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात मिळते अशा घरात राहताना प्रोग्रॅमिंग चालू कसं ठेवायचं, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) या दोन्हींना धरून आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्यांचं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंगच टाइप करायचं.

१. ऑफलाइन कामासाठी नेमकं काय काय घेऊन ठेवायचं?

चार गोष्टी: भाषेचा कंपायलर किंवा इंटरप्रिटर, एडिटर आणि त्याची एक्सटेन्शन्स, प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस (इतरांनी लिहिलेला तयार कोड), आणि वाचायला डॉक्युमेंटेशन. पहिल्या दोन सगळ्यांना आठवतात. अडतं ते तिसऱ्यापाशी, कारण एका पॅकेजच्या मागे दहा पॅकेजेस असतात आणि ती आपण कधी नावानं मागितलेली नसतात. इन्स्टॉलर घेताना एक बघा: काही इन्स्टॉलर जेमतेम काही एमबींचे असतात आणि चालवल्यावर खरा माल नेटवरून ओढतात. उदाहरणार्थ, व्हिज्युअल स्टुडिओचा इन्स्टॉलर असाच आहे. त्यासाठी 'लेआउट' हा पर्याय देऊन सगळ्या फाइल्स आधी एका फोल्डरमध्ये उतरवाव्या लागतात.

२. सगळं घेतलंय की काही राहिलंय, हे निघण्याआधी कसं कळणार?

रंगीत तालीम करून. दुसरा भरवशाचा मार्ग नाही. वाय-फाय बंद करा, मोबाइलचं हॉटस्पॉट बंद करा, कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा आणि मग एक नवा, कोरा प्रोजेक्ट सुरू करा. जुना प्रोजेक्ट उघडून तो चालतोय असं बघण्यात अर्थ नाही, कारण त्याची पॅकेजेस त्याच्या फोल्डरमध्ये आधीच बसलेली असतात. नवा फोल्डर, नवं एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरती पॅकेजेस ठेवायची वेगळी जागा), पॅकेजेस बसवणं, बिल्ड, टेस्ट, आणि मध्येच डॉक्युमेंटेशनमधलं एखादं फंक्शन शोधणं, एवढं सगळं नेटशिवाय पार पडलं पाहिजे.

ही तालीम निघायच्या किमान दोन दिवस आधी करा. एसटीची वेळ झालेली असताना केली, तर काय राहिलंय ते कळतं, पण ते उतरवायला वेळ उरत नाही. खालच्या काही उत्तरांत या तालमीकडे पुन्हा बोट दाखवलेलं दिसेल, कारण माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच एका तालमीत उघड्या पडल्या असत्या.

३. माझ्याकडे रोजचा दीड जीबीचा पॅक आहे. तेवढ्यात भागेल का?

पायथन, सी किंवा वेबचं काम असेल तर दोन-तीन दिवसांत आरामात भागतं. विंडोजवरचा पायथनचा पूर्ण इन्स्टॉलर तीस एमबीच्या आत असतो, व्हीएस कोड शंभर एमबीच्या आसपास, आणि एका भाषेचं डॉक्युमेंटेशन सहसा काही दहा एमबींत येतं. अँड्रॉइड स्टुडिओचं गणित वेगळं आहे: मूळ इन्स्टॉलरच एक जीबीच्या वर, त्यावर एसडीके (अँड्रॉइड ॲप बनवायची साधनं), एम्युलेटरची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नकली फोनची) सिस्टिम इमेज आणि ग्रेडल या बिल्डच्या साधनाची पॅकेजेस. ते कॉलेजच्या किंवा मित्राच्या ब्रॉडबँडवरच उरका.

मोठी फाइल अर्ध्यावर तुटली तर पहिल्यापासून सुरू करू नका. 'डब्ल्यूगेट' ला 'सी' हा पर्याय दिला की ते राहिलेल्या जागेपासून पुढे उतरवतं. 'एरिया-टू' सुद्धा हेच काम छान करतं.

४. डॉक्युमेंटेशनसाठी झील, डॅश आणि डेव्हडॉक्स यांतलं काय घ्यावं?

मॅक असेल तर डॅश, विंडोज किंवा लिनक्स असेल तर झील. डॅश विकत घ्यावं लागतं, झील मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आणि दोन्ही एकाच प्रकारचे 'डॉकसेट' वापरतात. डॉकसेट म्हणजे एचटीएमएल पानांचं फोल्डर आणि त्यासोबत शोधासाठी एसक्यूलाइटमधली अनुक्रमणिका. त्यामुळे एका मशीनवर उतरवलेला डॉकसेट पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या मशीनच्या झीलमध्ये नेता येतो. लॅबसाठी हा गुण फार मोलाचा आहे.

डेव्हडॉक्स ब्राउझरमध्येच चालतं. ते फ्रीकोडकॅम्प ही संस्था सांभाळते, आणि त्यात वेगळं काही इन्स्टॉल न करता हव्या त्या भाषा ऑफलाइन ठेवता येतात. शोध अतिशय चपळ आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर, चार-सहा भाषांपुरतं, मी डेव्हडॉक्सच सुचवेन. पण महिनाभर नेट दिसणारच नसेल तर झील घ्या. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

सी++ करणाऱ्यांसाठी एक जादा सूचना: सीपीपी-रेफरन्सची संपूर्ण एचटीएमएल प्रत वेगळी उतरवता येते. पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही एचटीएमएलच्या झिप फाइलमध्ये मिळतं, आणि पीएचपीचं मॅन्युअल टार-जीझेड फाइलमध्ये. ती फाइल उघडून त्यातलं 'इंडेक्स' पान ब्राउझरमध्ये बुकमार्क केलं की काम झालं.

५. डेव्हडॉक्समध्ये सगळं ऑफलाइन केलं होतं, पण गावी उघडलं तर काहीच दिसेना. असं का?

डेव्हडॉक्सचा साठा ब्राउझरच्या पोटात असतो, तुमच्या फाइल्समध्ये नाही. म्हणून क्रोममध्ये उतरवलेलं फायरफॉक्समध्ये दिसत नाही, दुसऱ्या प्रोफाइलमध्ये दिसत नाही, आणि इनकॉग्निटो खिडकीत उतरवलेलं ती बंद केल्याबरोबर जातं. 'ब्राउझिंग डेटा साफ करा' म्हणताना साइटचा डेटाही पुसला, तर हा साठाही जातो. डिस्क भरत आली की ब्राउझर स्वतःहूनही असा साठा काढून टाकू शकतो. नुसतं भाषेचं नाव 'एनेबल' करणं म्हणजे ऑफलाइन करणं नव्हे, ही आणखी एक गफलत; 'ऑफलाइन डेटा' या पानावर जाऊन प्रत्येक भाषा वेगळी 'इन्स्टॉल' करावी लागते.

६. भाषेसोबत जी माहिती आपोआप येते, ती पुरत नाही का?

खूप वेळा पुरते, आणि ती वापरायची सवय नसणं ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. पायथनमध्ये 'हेल्प' कंसात फंक्शनचं नाव घेऊन त्याची माहिती दाखवतं. 'पायडॉक' मॉड्यूल 'बी' पर्यायासह चालवलं तर तुमच्या मशीनवरच्या सगळ्या मॉड्यूल्सची माहिती ब्राउझरमध्ये उघडते, तुम्ही बसवलेल्या पॅकेजेससकट. 'रस्टअप डॉक' म्हटलं की रस्टचं पूर्ण पुस्तक आणि स्टँडर्ड लायब्ररी स्थानिक प्रतीतून उघडते. 'गो डॉक' टर्मिनलमध्येच उत्तर देतं. लिनक्सवर 'मॅन' आहे, आणि आज्ञेचं नावच आठवत नसेल तर 'अप्रोपोस' आहे.

उबुंटूवर सी शिकणाऱ्यांनी 'मॅनपेजेस-डेव्ह' हे पॅकेज आठवणीनं घ्यावं. सी लायब्ररीच्या फंक्शन्सची मॅन पानं त्यात असतात.

७. पिपने पॅकेजेस उतरवून नेट नसलेल्या मशीनवर कशी बसवायची?

पिप हे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन. नेट असलेल्या मशीनवर 'पिप डाउनलोड' चालवा, 'आर' पर्यायानं रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) द्या आणि 'डी' पर्यायानं फोल्डर द्या. मागून येणारी पॅकेजेसही त्याच फोल्डरमध्ये जमा होतात. ते फोल्डर दुसऱ्या मशीनवर न्या आणि 'पिप इन्स्टॉल' ला दोन पर्याय द्या: 'नो-इंडेक्स', म्हणजे नेटकडे पाहूच नकोस, आणि 'फाइंड-लिंक्स', म्हणजे या फोल्डरमधून घे.

दोन्ही मशीन सारखी असतील तर एवढंच पुरतं. दोन्हीकडे तीच ऑपरेटिंग सिस्टिम, तोच प्रोसेसर आणि पायथनची तीच आवृत्ती असावी. नसतील तर प्रश्न ८ पाहा.

उबुंटूवाल्यांना एक जादा अडचण येते. तिथे 'पायथन-३-व्हेन्व्ह' हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं, आणि ते नसेल तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच तयार होत नाही. उबुंटू २४.०४ मध्ये सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिपने काही बसवू जाल तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' असं सांगून नकार मिळतो. म्हणजे व्हेन्व्ह नाही तर पिपही जवळपास निरुपयोगी. ते पॅकेज आधी घ्या.

८. फोल्डरमध्ये पॅकेज समोर दिसतंय, तरी पिप म्हणतं 'नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड'. मग चुकतंय कुठे?

फाइलचं नाव नीट वाचा, उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. व्हील फाइलच्या (म्हणजे बसवायला तयार पॅकेजच्या) नावात 'सीपी३१०' असेल तर ती पायथन ३.१० साठी आहे, 'सीपी३१२' असेल तर ३.१२ साठी. पुढे 'विन_एएमडी६४' म्हणजे चौसष्ट बिटचं विंडोज, 'मेनीलिनक्स' म्हणजे लिनक्स. उबुंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० येतो आणि २४.०४ मध्ये ३.१२, एकावर उतरवलेली नमपायची व्हील फाइल दुसऱ्यावर बसणार नाही. नावाच्या शेवटी 'नन-एनी' असेल तर ती शुद्ध पायथनची फाइल, कुठल्याही सिस्टिमवर बसणारी.

दुसऱ्या सिस्टिमसाठीच उतरवायचं असेल तर 'पिप डाउनलोड' ला 'प्लॅटफॉर्म' आणि 'पायथन-व्हर्जन' हे पर्याय द्या, सोबत 'ओन्ली-बायनरी' ला 'ऑल' (दोन्ही बाजूंना कोलन लावून) ही किंमत द्या. हा शेवटचा पर्याय किंवा 'नो-डेप्स' दिल्याशिवाय पिप प्लॅटफॉर्म बदलू देत नाही.

याहून अवघड प्रकार म्हणजे व्हील मिळतच नाही, नुसता सोर्स मिळतो. तेव्हा पिप बसवतेवेळी बिल्ड करायला जातं आणि त्यासाठी 'सेटअपटूल्स' शोधतं. पायथन ३.१२ पासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही, आणि तुमच्या फोल्डरमध्येही ते नसतं. सरळ उपाय: नेट असलेल्या, पण तशाच मशीनवर 'पिप डाउनलोड' ऐवजी 'पिप व्हील' चालवा. बिल्ड तिथेच उरकतं आणि तुमच्या हाती तयार व्हील फाइल्स येतात.

९. नोडच्या प्रोजेक्टचं 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर कॉपी करून नेलं तर चालेल?

त्याच सिस्टिमवर नेत असाल तर बहुधा चालेल. विंडोजवरून लिनक्सवर नेलंत तर सी++ मध्ये लिहिलेले भाग असलेली पॅकेजेस मोडतील. शिवाय हजारो बारीक फाइल्स पेनड्राइव्हवर कॉपी व्हायला फार वेळ लागतो. आधी झिप करा.

एकाच मशीनवर काम असेल तर जास्त चांगली पद्धत अशी: नेट असताना 'एनपीएम सीआय' (एनपीएम हे नोडची पॅकेजेस बसवणारं साधन) एकदा चालवा, म्हणजे कॅश (उतरवलेल्या पॅकेजेसचा साठा) भरतो. नंतर तेच 'ऑफलाइन' पर्यायासह चालवा. कॅशमध्ये काही नसेल तर ते तिथेच थांबून सांगतं. प्रश्न २ मधली तालीम एनपीएमसाठी एवढी सोपी आहे.

पण इलेक्ट्रॉन, पपेटिअर, प्लेराइट आणि सायप्रेस यांना हे पुरत नाही. त्यांना लागणारं ब्राउझर किंवा बायनरी फाइल एनपीएमच्या बाहेर, वेगळ्या ठिकाणाहून उतरते आणि वेगळ्याच फोल्डरमध्ये बसते.

१०. वेबपेज उघडतं, पण त्याचं रूप विस्कटलेलं दिसतं. कोड तर तोच आहे.

एचटीएमएलमध्ये बूटस्ट्रॅप, जेक्वेरी किंवा फॉन्टच्या लिंक सीडीएनच्या, म्हणजे नेटवरच्या सर्व्हरच्या, असणार. क्लासमध्ये शिकवताना त्या दोन ओळी सरसकट चिकटवायला सांगतात, म्हणून हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून सगळ्यात जास्त येतो. त्या फाइल्स उतरवून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि लिंकमध्ये स्थानिक मार्ग लिहा. देवनागरी फॉन्टसाठी 'नोटो सॅन्स देवनागरी' उतरवून 'फॉन्ट-फेस' नियमानं जोडा. प्रात्यक्षिक परीक्षेत नेट नसेल तर या एका बदलानं गुण वाचतात.

११. मेवनचं 'गो-ऑफलाइन' चालवलं होतं, तरी ऑफलाइन बिल्ड पडलं. का?

कारण मेवनची (जावाच्या बिल्ड साधनाची) काही प्लगिन त्यांना लागणाऱ्या गोष्टी बिल्ड चालू असतानाच ठरवतात. टेस्ट चालवणारं शुअरफायर हे नेहमीचं उदाहरण: तुम्ही जेयुनिटची कोणती आवृत्ती वापरता ते पाहून ते पुढचा भाग मागवतं, आणि 'गो-ऑफलाइन' ला ते आधी कळत नाही. म्हणून नेट असताना टेस्टसकट 'मेवन व्हेरिफाय' एकदा पूर्ण चालवा, मग 'ओ' पर्यायासह पुन्हा चालवून खात्री करा.

ग्रेडलमध्ये 'ऑफलाइन' पर्याय आहे, पण रॅपर (प्रोजेक्टसोबत येणारी, ग्रेडल चालवणारी छोटी स्क्रिप्ट) स्वतः ग्रेडलची ठरावीक आवृत्ती उतरवतो. दोन प्रोजेक्टमध्ये दोन आवृत्त्या असतील तर दोन्ही आधी उतरलेल्या हव्यात.

१२. रस्ट आणि गो?

इथे त्रास कमी. 'कार्गो व्हेंडर' आणि 'गो मॉड व्हेंडर' या आज्ञा सगळी अवलंबनं प्रोजेक्टच्याच 'व्हेंडर' फोल्डरमध्ये आणून ठेवतात, आणि ते फोल्डर प्रोजेक्टसोबत कुठेही नेता येतं. 'कार्गो व्हेंडर' शेवटी चार-पाच ओळी छापतं. त्या कॉन्फिग फाइलमध्ये टाकायला विसरू नका, नाहीतर कार्गो पुन्हा नेटकडेच धावेल.

१३. व्हीएस कोडची एक्सटेन्शन्स पेनड्राइव्हवरून बसवता येतात का?

हो. एक्सटेन्शन म्हणजे एक 'व्हीएसआयएक्स' फाइल. नव्या आवृत्त्यांत एक्सटेन्शनच्या नावावर राइट-क्लिक करून ती उतरवता येते. बसवताना एक्सटेन्शन्सच्या खिडकीतल्या तीन टिंबांच्या मेनूत 'इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स' निवडायचं. काही एक्सटेन्शन्सच्या फाइल्स विंडोज आणि लिनक्ससाठी वेगवेगळ्या असतात, तेव्हा योग्य ती घ्या. आणि काही एक्सटेन्शन्स पहिल्यांदा वापरताना आपलं लँग्वेज सर्व्हर (कोडबद्दल सूचना देणारा प्रोग्रॅम) नेटवरून मागवतात, म्हणून बसवून झाल्यावर त्या भाषेची एक फाइल उघडून सूचना दिसतायत का ते नेट असतानाच बघा.

१४. उबुंटूवर एपीटीनं 'डाउनलोड-ओन्ली' केलं, पण फोल्डर रिकामं. चूक कुठे झाली?

ज्या मशीनवर उतरवलंत तिथे ती पॅकेजेस आधीच बसलेली असणार. एपीटी (उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन) त्या मशीनला जे कमी आहे तेवढंच आणतं. तुमच्या घरच्या मशीनला काय कमी आहे ते त्याला माहीत नाही. नेमकं याचसाठी 'एपीटी-ऑफलाइन' हे साधन आहे. घरच्या मशीनवर 'सेट' करून गरजेची यादी फाइलमध्ये घ्यायची, नेट असलेल्या मशीनवर 'गेट' करून त्या यादीतलं उतरवायचं, घरी परत येऊन 'इन्स्टॉल' करायचं. दोन फेऱ्या होतात, पण काही सुटत नाही. अर्थात एपीटी-ऑफलाइन स्वतः घरच्या मशीनवर आधी असायला हवं.

१५. नेट नसताना मित्राशी गिटवरून कोडची देवाणघेवाण कशी करायची?

'गिट बंडल क्रिएट' ला 'ऑल' पर्याय द्या. सगळ्या ब्रँच आणि सगळा इतिहास एका फाइलमध्ये येतो. मित्र त्या फाइलवरून थेट 'गिट क्लोन' करू शकतो, आणि पुढच्या वेळी फक्त नव्या कमिट्सचं छोटं बंडलही पाठवता येतं. सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे गिट प्रोजेक्ट) आणि एलएफएसमधल्या (गिटच्या इतिहासाबाहेर ठेवलेल्या) मोठ्या फाइल्स मात्र बंडलमध्ये येत नाहीत. त्या वेगळ्या न्याव्या लागतात.

१६. स्टॅक ओव्हरफ्लो ऑफलाइन मिळतं का?

मिळतं, किविक्समधून. किविक्स 'झिम' प्रकारच्या फाइल्स वाचतं, आणि विकिपीडियाप्रमाणेच स्टॅक ओव्हरफ्लोचीही झिम फाइल आहे. पण ती ७५ जीबीच्या घरातली आहे. एकट्यासाठी एवढी मोठी फाइल घेण्यापेक्षा आस्क-उबुंटूसारख्या लहान भावंडांच्या फाइल्स आधी घेऊन बघा. लॅबसाठी मात्र ती जरूर घ्या. वाटायची कशी, ते पुढच्याच उत्तरात.

पेनड्राइव्ह फॅट-३२ प्रकारचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, जागा कितीही रिकामी असली तरी. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

१७. लॅबमध्ये तीस मशीन आहेत. प्रत्येकावर सगळं उतरवायचं का?

नको. एका मशीनला भांडार करा. झिम फाइल्ससाठी त्यावर 'किविक्स-सर्व्ह' चालवा. बाकीची मशीन ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून वाचतील. नुसत्या एचटीएमएल डॉक्युमेंटेशनसाठी पायथनचं 'एचटीटीपी-सर्व्हर' मॉड्यूल पुरतं, ते ८००० या पोर्टवर चालतं. ज्या फोल्डरमधून चालवाल ते पूर्ण फोल्डर सगळ्यांना दिसतं, म्हणून फक्त डॉक्युमेंटेशनच्याच फोल्डरमधून चालवा. एनपीएमसाठी 'व्हर्डाचिओ' आणि उबुंटूसाठी 'एपीटी-कॅशर-एनजी' ही साधनं एकदा आलेलं पॅकेज स्वतःकडे ठेवून पुढच्यांना देतात. यासाठी बाहेरचं इंटरनेट लागत नाही, एक साधा स्विच आणि केबल पुरतात.

बाकीच्या मशीनवरून पान उघडलं नाही तर आधी भांडारावरची विंडोज फायरवॉल तपासा. दोष बहुधा तिथेच निघतो.

१८. मराठीतून शिकायला ऑफलाइन काही आहे का?

आहे, आणि ते पुरेसं माहीत नाही याचं वाईट वाटतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्स, सी, जावा, पायथन, लिबरऑफिस अशा विषयांचे दहा-एक मिनिटांचे व्हिडिओ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच व्हिडिओंना मराठी आवाज दिलेला आहे. पडद्यावर काय चाललंय ते बघत, व्हिडिओ थांबवत, शेजारी स्वतः टाइप करत शिकायचं, अशी त्यांची रचनाच आहे. हवे ते विषय आणि भाषा निवडून एकत्र उतरवता येतात. गावातल्या शाळेच्या लॅबसाठी मी आधी हे घेईन, मग बाकी सगळं.

१९. एआय मॉडेल स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवून त्यालाच विचारलं तर डॉक्युमेंटेशनची गरज उरते का?

उरते. ओलामासारख्या साधनानं सात-आठ अब्ज पॅरामीटर्सचं मॉडेल लॅपटॉपवर चालतं. फाइल चार-पाच जीबींची असते आणि रॅम किमान ८ जीबी लागते. एररचा अर्थ समजावून घ्यायला ते चांगलं. पण एवढी लहान मॉडेल्स अस्तित्वात नसलेली फंक्शन्सही ठामपणे सांगतात, आणि ते पडताळायला नेट नसतं. झील शेजारी उघडं ठेवा.

२०. तालीम नीट झाली होती, तरी घरच्या जुन्या डेस्कटॉपवर 'मेक' विचित्र वागतंय. 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' असं काहीतरी म्हणतं.

मशीनची तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपलेली असली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. नेट असताना ते आपोआप दुरुस्त होतं, म्हणून शहरात हे कधी लक्षातही येत नाही. 'मेक' फाइल्सच्या वेळा पाहून काय पुन्हा कंपाइल करायचं ते ठरवतं. पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइल्स त्याला भविष्यातल्या वाटतात, आणि मग काही बदल कंपाइल होतात, काही राहून जातात. गिटच्या कमिट्सवरही चुकीच्या तारखा पडतात.

तारीख हातानं लावा, 'मेक क्लीन' करून पुन्हा बिल्ड करा. बॅटरी बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर-२०३२ असते, घड्याळाच्या दुकानात मिळते. ती बदलेपर्यंत वीज जाऊन आली की काम सुरू करण्याआधी कोपऱ्यातली तारीख एकदा बघत जा.